मुशी म्हणजे समुद्रातला उंदीर नव्हे

‘मुशी हा मासाच नाही, ती उंदरासारखी नाळेने पिल्ले देते, उंदरासारखीच भराभर वाढते, म्हणून कितीही पकडली तरी संपत नाही,’ असा मुशी या लहान शार्क माशाबद्दलचा मजकूर सध्या कोकणात मोबाइलवरून फिरतो आहे. त्यातली नाळेची गोष्ट खरी आहे आणि तिच्याच आधाराने बाकीचे सारे खपवले जाते.

चपट्या, रुंद मुस्कटाच्या आपल्या लहान मुशीची (स्कॉलिओडॉन लॅटिकॉडस) गाभण मादी हर्णै किंवा मालवणच्या बंदरावर कापताना ज्यांनी पाहिली आहे, त्यांना पोटातल्या प्रत्येक पिल्लाची वेगळी नाळ ओळखीची असेल. हिचे अंडे जेमतेम एक मिलिमीटरचे असते आणि त्यात बलक जवळजवळ नसतोच, त्यामुळे 12 ते 15 सेंटिमीटरचे पिल्लू जन्मेपर्यंत त्याचे सगळे पोषण आईकडून होते. मात्र मुशीची वार (नाळेने पिल्लाला आईशी जोडणारा अवयव) बलकाच्या पिशवीपासून बनते, तर उंदराची मुख्य वार भ्रूणाच्या दुसऱ्या पटलांपासून. दोन्हींचा उगम स्वतंत्र आहे.

सस्तन म्हणावे तर अंगावर केस हवेत आणि पिल्लांना दूध पाजायला हवे. मुशीकडे यांतले काहीच नाही. तिच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना कल्ल्यांच्या पाच-पाच फटी मात्र आहेत. पिल्ले जन्मताच आपापल्या वाटेने पोहत जातात.

खरी गफलत वेगाच्या दाव्यात आहे. उंदरीण 21 ते 23 दिवसांत विते आणि तिची पोर दोन-तीन महिन्यांत वयात येते, म्हणजे होळीला जन्मलेली उंदरीण दिवाळीपर्यंत आजी होऊ शकते. मुशीचा गर्भकाळच पाच-सहा महिन्यांचा असल्यामुळे तेवढ्या अवधीत तिचे एकच बाळंतपण उरकते. शार्कांच्या कुळात ती लवकर वाढणारी आहे, हे मान्य; पण ही तुलना मोठ्या शार्कांशी आहे, उंदराशी नव्हे.

राहिला ‘संपत नाही’ हा निष्कर्ष. मादी साधारण 33 सेंटिमीटरची झाल्यावर वयात येते, आणि बारीक आसाच्या (छिद्रांच्या) पिशवीसारख्या डोल जाळ्यात त्याहून कितीतरी लहान मुशी येतात. गाभण मादी सापडली, की पोटातले सारे वेतही तिच्याबरोबर जाते. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या यादीत ही मुशी ‘संकटाच्या उंबरठ्यावर’ या वर्गात आहे. घरातल्या काळ्या उंदराच्या नावापुढे मात्र ‘चिंता नाही’ असाच शेरा आहे.