हजूर साहिब म्हणजे नुसती समाधी नाही हो, दादा

दादा, तुमची कमेंट दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की नांदेडच्या हजूर साहिब गुरुद्वाऱ्यावरच्या पोस्टमध्ये मी भक्तिभावात वाहवत गेलो, शिखांचे दहावे गुरू गोविंदसिंग मुघल बादशहा बहादूरशहाच्या लवाजम्यातले नोकर म्हणून इथे आले, इथेच गेले, पुढे पंजाबच्या महाराजा रणजितसिंहांनी पैसा घालून समाधी बांधली, बाकी महत्त्व मागाहून चिकटवलेलं. शिवाय इमारत १७०८ ची हे मी चुकीचं लिहिलंय.

चूक कबूल, आत्ताच दुरुस्त केली. आजची इमारत १८३२ ते १८३७ मधली, घाईत टाइप केलं की असं होतं.

पण नोकर? बादशहा आपल्या भावावर, कामबक्षावर, चालून दक्षिणेत निघालेला, गुरू त्याच्यासोबत होते हे खरंच, पण त्यांना हवा होता न्याय, पंजाबातल्या सरहिंदचा मुघल अधिकारी वजीरखान याने त्यांच्या दोन धाकट्या पोरांना मारलं त्याचा, आणि तो काही मिळेना. मग इथेच गोदावरीकाठी मठ करून राहणारा माधोदास बैरागी भेटला, गुरूंचा शिष्य होऊन त्याचा बंदासिंग झाला, आणि त्याला त्यांनी पंजाबात धाडलं. १७१० मध्ये चप्पडचिडीच्या लढाईत त्याच्या फौजेकडून वजीरखान मारला गेला. नोकर माणूस असली कामं करतो होय?

आता समाधी. आत अंगीठा साहिब आहे, गुरूंना अग्नी दिला ती जागा, नाही कोण म्हणतंय. पण ऑक्टोबर १७०८ मध्ये जाण्याआधी गुरूंनी देहधारी गुरूंची परंपरा इथेच थांबवली आणि गादी गुरू ग्रंथ साहिबला, म्हणजे शिखांच्या धर्मग्रंथाला, दिली. आज अमृतसरला काय नि कॅनडात काय, शीख माणूस ग्रंथाला गुरू मानून माथा टेकतो, तो गुरुगादीचा सोहळा आपल्या नांदेडातला! ह्याला मागाहून चिकटवलेलं म्हणायचं? शिखांच्या पाच तख्तांत, म्हणजे सर्वोच्च धर्मपीठांत, नांदेड उगीच नाही. आणि त्याच ग्रंथात आपल्या नामदेवांची ६१ पदं आहेत, त्यांचं नरसी इथून शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात, हे मूळ पोस्टमध्ये राहूनच गेलं, त्यावर कुणी टोकलं असतं तर जास्त आवडलं असतं.

तुम्ही लिहिलंय की दुपारी तासाभरात बघून औंढ्याला निघालो. पुढच्या खेपेला एक रात्र मुक्काम करा ना, इथे रोज पहाटेच्या आधी गोदावरीचं पाणी घागरीतून आणतात, ते बघायला चला, झोपमोड होईल पण गर्दी नसते आणि गाडी लावायलाही जागा मिळते.