क्रूसेडला गेलेले सरदार भुकेकंगाल नव्हते

क्रूसेड्सचा, म्हणजे जेरुसलेम मुसलमानांकडून घ्यायला मध्ययुगात युरोपातल्या ख्रिस्त्यांनी काढलेल्या मोहिमांचा, विषय निघाला की एक मजकूर हमखास फिरतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: युरोपात सगळी जमीन थोरल्या मुलाला मिळायची, धाकट्यांच्या हाती काही लागायचं नाही. पोपनं या रिकाम्या तलवारबहाद्दरांना पूर्वेकडच्या जमिनीचं आमिष दाखवलं. ते लुटायला गेले आणि गबर होऊन परतले. त्यांच्या पदरच्या पाद्र्यांनी मग या दरोड्याला धर्मयुद्धाचा मुलामा दिला. पुरावा म्हणून शेवटी जेरुसलेममधलं गुडघाभर रक्त, सत्तर हजार मुडदे आणि कॉन्स्टँटिनोपलची लूट.

क्रूसेडर्सची वकिली करायची म्हणून मी हे लिहीत नाही. त्यांनी जे केलं त्याला माफी नाही. माझा आक्षेप असा की ‘सगळं पैशासाठी होतं’ म्हटलं की श्रद्धा निर्दोष सुटते. लोभी माणसांनी धर्माचं नाव वापरलं, विषय संपला, असं म्हणून आपण मोकळे होतो. उपलब्ध कागदपत्रं मात्र वेगळंच सांगतात, आणि ते जास्त अस्वस्थ करणारं आहे.

आधी धाकट्या मुलांचं बघू. पहिल्या क्रूसेडचे (१०९६–१०९९) म्होरके कोण होते? तुलूझचा काउंट रेमंड हा दक्षिण फ्रान्समधल्या सर्वांत बड्या सरदारांपैकी एक. वय पन्नाशीच्या पुढे. घरचा कारभार मुलावर सोपवून तो बायकोसकट निघाला, परतलाच नाही, ११०५ मध्ये त्रिपोलीच्या वेढ्यात वारला. नॉर्मंडीचा ड्यूक रॉबर्ट हा इंग्लंड जिंकणाऱ्या विल्यमचा थोरला मुलगा. फ्लँडर्सचा रॉबर्ट स्वतःच्या प्रांताचा धनी. ब्ल्वाच्या स्टीफनबद्दल तर त्या काळचा गिबेर हा मठाधिपती लिहितो की वर्षाचे जितके दिवस तितके त्याचे किल्ले असल्याचं लोक म्हणत. बुयाँचा गॉडफ्री धाकटा खरा, पण लोअर लोरेनचा ड्यूक होता. फ्रान्सच्या राजाचा भाऊ ह्यू हाही धाकटाच, पण बायकोकडून आलेली व्हर्माँद्वाची काउंटी त्याच्या ताब्यात होती.

मजकुरातलं वर्णन खरोखर जुळतं ते गॉडफ्रीचा भाऊ बाल्डविन याच्याशी. त्याला पाद्री करायचं म्हणून शिकवलं होतं, पदरी फारसं काही नव्हतं, आणि जेरुसलेमचा रस्ता सोडून त्यानं १०९८ मध्ये एडेसा हे शहर गिळंकृत केलं. जमिनीवर डोळा ठेवून आलेला दुसरा ठळक माणूस म्हणजे दक्षिण इटलीचा नॉर्मन बोहेमंड. त्यानं जेरुसलेमच्या वाटेवरचं अँटिओक शहर घेतलं आणि सोडलं नाही. पण तो थोरला मुलगा होता! आईबापांचं लग्न नात्यातलं ठरवून रद्द झालं आणि वारसा सावत्र भावाकडे गेला, म्हणून तो वंचित. ‘थोरल्याला सगळं, धाकट्याला काही नाही’ या सिद्धांताला तो मुळीच साथ देत नाही.

आता पैशाकडे येऊ, कारण सगळा डोलारा त्यावर उभा आहे. क्रूसेड हा भयंकर खर्चिक प्रकार होता. घोडे, चिलखत, नोकर, दोन-तीन वर्षांचा शिधा हे सगळं ज्याचं त्यानं बघायचं. एका सरदाराला त्यासाठी त्याच्या वार्षिक उत्पन्नाच्या चार-पाच पट रक्कम लागत असावी, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. ती उभी करायला या लोकांनी काय केलं, हे सांगणारी विक्रीपत्रं आणि गहाणखतं मठांच्या दप्तरांत आजही आहेत. त्यातला एक कागद मला फार बोलका वाटतो. १२ एप्रिल १०९६ रोजी माँमेर्लच्या आशार नावाच्या सरदारानं फ्रान्समधल्या क्ल्युनीच्या मठाकडे आपली वडिलोपार्जित मालमत्ता गहाण टाकली. बदल्यात मिळाले २,००० सॉलिदी (त्या काळचं नाणं) आणि चार खेचरं. अट अशी की गहाण सोडवण्याचा हक्क फक्त आशारचा, दुसऱ्या कुणा नातेवाइकाचा नाही. तो यात्रेत मेला किंवा तिकडेच राहिला तर मालमत्ता कायमची मठाची. म्हणजे मरणाची शक्यता गृहीत धरून, घरच्यांचा हक्क सोडून देऊन सही करणारा हा माणूस. १०९९ च्या जूनमध्ये, जेरुसलेम पडायला महिना उरला असताना, तो याफा बंदराच्या वाटेवरच्या चकमकीत मारला गेला. क्ल्युनीला मालमत्ता मिळाली.

बड्यांचं चित्र यापेक्षा वेगळं नाही. गॉडफ्रीनं बुयाँचा किल्ला लिएजच्या बिशपकडे गहाण टाकला. रॉबर्टनं तर अख्खी नॉर्मंडी चांदीच्या १०,००० मार्क्ससाठी धाकट्या भावाकडे, इंग्लंडचा राजा विल्यम रूफस याच्याकडे तारण ठेवली, आणि त्या रकमेसाठी इंग्लंडच्या रयतेवर जबर कर बसला. रॉबर्ट ११०० मध्ये परतला तोवर रूफस मेला होता आणि सर्वांत धाकट्या हेन्रीनं इंग्लंडची गादी पटकावली होती. पुढे ११०६ मध्ये त्याच हेन्रीनं रॉबर्टला हरवून कैदेत टाकलं, आणि ११३४ मध्ये तो कैदेतच मेला. थोरला क्रूसेडला गेला आणि धाकट्यानं घरी बसून सगळं मिळवलं, इतकं उलटं हे प्रकरण आहे.

मग कुणाला काहीच मिळालं नाही का? मिळालं, आणि ते झाकायचं कारण नाही. ब्ल्वाच्या स्टीफननं पत्नी अडेला हिला २९ मार्च १०९८ रोजी अँटिओकच्या वेढ्यातून पत्र लिहवून घेतलं. त्यात तो सांगतो की निघताना तू दिलं होतंस त्याच्या दुप्पट सोनं, चांदी आणि इतर संपत्ती आज माझ्याकडे आहे. लुटीचा सिद्धांत मांडणाऱ्यांना हे वाक्य आवडतं. पण पुढचंही वाचायला हवं. दोन महिन्यांनी, शहर पडायच्या आदल्याच दिवशी, स्टीफन छावणी सोडून पळाला. घरी धनाढ्य काउंट आपल्या गढीत सुखरूप पोहोचला, म्हणजे मजकुराच्या हिशेबानं त्याचा सौदा फायद्यात. पण जेरुसलेम गाठण्याचा नवस मोडल्याची बेअब्रू त्याला घरी बसू देईना. बायकोनंच त्याला पुन्हा धाडलं, असं त्या काळचा एक इतिहासकार लिहितो. तो ११०१ मध्ये परत गेला, यावेळी जेरुसलेम गाठलं, आणि ११०२ मध्ये रामल्याच्या लढाईत मारला गेला. ज्याच्या पदरी आधीच सगळं आहे तो दुसऱ्यांदा का जातो, याचं उत्तर ‘पैसा’ असू शकत नाही.

बहुतेकांची कथा तर साधी कंगालीची आहे. अनातोलिया (आजचा तुर्कस्तान) ओलांडताना इतके घोडे मेले की सरदार बैलांवर बसून चालले आणि सामान शेळ्या, मेंढ्या, कुत्र्यांवर लादलं गेलं. जेरुसलेम जिंकल्यावर जगले-वाचलेले बहुतेक जण परत फिरले. जमीनच हवी होती तर ही उलटी वाट कशासाठी? बाल्डविनचा पाद्री फुल्चर लिहितो की ११०० च्या सुमारास जेरुसलेम, याफा, रामला आणि हायफा राखायला जेमतेम तीनशे घोडेस्वार आणि तेवढेच पायदळ होतं. याच फुल्चरचं दुसरं वाक्य नेहमी विरोधी पुरावा म्हणून येतं: तिकडे जे गरीब होते त्यांना देवानं इथे श्रीमंत केलं, ज्याला गाव नव्हतं त्याला इथे शहर मिळालं. पण ते त्यानं पाव शतकानंतर, वसाहतीत टिकून राहिलेल्यांबद्दल लिहिलंय. माणसं तिकडे येत नव्हती, म्हणूनच अशी जाहिरात करावी लागत होती.

पोपनं जमिनीचं आमिष दाखवलं, हा मुद्दा पूर्ण खोटा नाही, पण ज्या भाषणावर तो उभा आहे ते आपल्यापर्यंत पोहोचलेलंच नाही. २७ नोव्हेंबर १०९५ रोजी फ्रान्समधल्या क्लेर्माँ इथे क्रूसेडची हाक देताना पोप अर्बन दुसरा नेमकं काय बोलला, याची शब्दशः नोंद कुणी केली नाही. जे वृत्तांत आहेत ते नंतरचे, आणि एकमेकांशी जुळत नाहीत. ‘तुमची भूमी अपुरी पडते, ती तुम्हाला पोसू शकत नाही’ हा प्रसिद्ध भाग रॉबर्ट नावाच्या संन्याशाच्या ग्रंथात येतो. तो दशकभरानं, विजयानंतर लिहिलेला आहे. त्याच क्लेर्माँच्या सभेचा एक ठराव मात्र उपलब्ध आहे. त्यात म्हटलंय की जो मान किंवा पैसा मिळवण्यासाठी नव्हे, तर केवळ भक्तीपोटी चर्चच्या मुक्तीसाठी जेरुसलेमला जाईल, त्याची ती यात्रा सगळ्या प्रायश्चित्ताच्या जागी धरली जाईल. पैशासाठी येणारेही असतील, हे चर्चला ठाऊक होतं. म्हणून तर अट घातली. पण देऊ केलं ते पापातून सुटणं, आणि त्या काळच्या सरदाराला त्याची गरज खरोखर वाटत होती. जन्मभर माणसं मारणं हाच ज्याचा धंदा, त्याला पहिल्यांदा कुणी सांगत होतं की मारूनही मुक्ती मिळेल. या मोहाची ताकद ज्याला कळत नाही त्याला क्रूसेड्स कळणार नाहीत.

आता ‘पदरचे पाद्री’. हो, फुल्चर बाल्डविनच्या पदरचा, आणि आगीलेरचा रेमंड हा तुलूझच्या काउंट रेमंडच्या पदरचा. दोघांचाही कल उघड आहे. पण नुसती भाटगिरीच करायची असती तर मआराचं काय? १०९८ च्या डिसेंबरात सीरियातलं हे शहर पडलं आणि उपासमारीत क्रूसेडर्सनी मेलेल्या मुसलमानांचं मांस खाल्लं. हे आपल्याला कुणामुळे कळतं? शत्रूच्या आरोपांमुळे नव्हे, तर याच लॅटिन ग्रंथकारांमुळे. सांगताना अंगावर काटा येतो, असं म्हणत फुल्चर तपशील देतो: मेलेल्यांच्या कुल्ल्याचे तुकडे कापून, नीट भाजायच्या आत, ते तोंडात घातले. तो स्वतः तिथे नव्हता, पण लपवायचं असतं तर त्याला गप्प बसता आलं असतं. सेनानींनी सप्टेंबर १०९९ मध्ये पोपला पाठवलेल्या पत्रातही ही गोष्ट आहे. आगीलेरचा रेमंड आपल्याच धन्याबद्दल लिहितो की तो अँटिओकवरून बोहेमंडशी चाललेल्या भांडणात अडकून पडला, तेव्हा भुकेनं पिचलेल्या सामान्य यात्रेकरूंनी मआराची तटबंदी हातांनी पाडली. शहरच राहिलं नाही की काउंटला जेरुसलेमकडे निघावंच लागेल! शेवटी १३ जानेवारी १०९९ रोजी काउंट अनवाणी बाहेर पडला. लोभ तिथे होताच, पण तो वरच्यांचा, आणि त्याला खालून धक्का दिला तो श्रद्धेनं.

जर्मनीतल्या ऱ्हाइन खोऱ्यातलं उदाहरणही याच जातीचं. १०९६ मध्ये काउंट एमिखोच्या टोळ्यांनी वर्म्स आणि माइंत्स इथे ज्यूंची कत्तल केली. आखेनचा अल्बर्ट हा ख्रिस्ती इतिहासकार या टोळ्यांचा पुढे धुव्वा उडाला तो देवाचा कोप मानतो. ज्यूंनी स्वतः लिहिलेले हिब्रू वृत्तांतही आहेत. त्यांत पैसे घेऊन संरक्षणाचं वचन देणारे येतात आणि पैसे घेऊनही मारणारे येतात. ज्यूंपुढे ठेवलेला पर्याय मात्र एकच होता: बाप्तिस्मा किंवा मरण. नुसत्या दरोडेखोराला तुमच्या बाप्तिस्म्याशी काय देणंघेणं?

जेरुसलेमच्या कत्तलीबद्दल बोलताना मी आवाज खाली आणणार नाही. १५ जुलै १०९९ ला शहर पडलं आणि भयानक संहार झाला. अल-अक्सा मशिदीच्या छतावर आसरा घेतलेल्यांना टँक्रेड या क्रूसेडर सेनानीनं अभय म्हणून आपलं निशाण दिलं होतं, तरी दुसऱ्या सकाळी त्यांनाही कापलं. पण ‘लगामापर्यंत रक्त’ हे आगीलेरच्या रेमंडनं बायबलच्या प्रकटीकरण या शेवटच्या पुस्तकातून उचललंय. ती प्रत्यक्षदर्शी मोजणी नव्हे, देवाचा न्याय झाला अशी त्याची घोषणा आहे. सत्तर हजार हा आकडा इब्न अल-अथीर या अरब इतिहासकाराचा, आणि त्याचा जन्म ११६० चा. कत्तलीच्याच पिढीतला इब्न अल-अरबी हा अंदलुसी (मुस्लिम स्पेनमधला) विद्वान कत्तलीच्या थोडाच काळ आधी जेरुसलेममध्ये राहिला होता. तो तीन हजार म्हणतो. कैरोच्या गेनिझात (ज्यू प्रार्थनामंदिरातल्या जुन्या कागदांच्या कोठारात) सापडलेल्या पत्रांवरून कळतं की बरेच ज्यू जिवंत पकडले गेले आणि जवळच्या अस्कलॉन शहरातल्या ज्यूंनी खंडणी भरून त्यांना सोडवलं. बखरीतले लाख-लाख फौजेचे आकडे आपण जसे जपून घेतो, तसेच हेही घ्यावेत. तीन हजार माणसं कापणं हे पुरेसं राक्षसी आहे.

राहिलं कॉन्स्टँटिनोपल, १२०४: चौथ्या क्रूसेडनं लुटलेलं ख्रिस्ती बायझंटाइन साम्राज्याचं राजधानीचं शहर. इथे मजकूर सत्याच्या सर्वांत जवळ आहे. १२०१ मध्ये व्हेनिसशी करार झाला: ३३,५०० माणसांची वाहतूक, ८५,००० मार्क्स. करार करणाऱ्यांत शांपेनचा मार्शल व्हिलारदुएँ होता, आणि या मोहिमेचा इतिहासही त्यानंच लिहिला. प्रत्यक्षात व्हेनिसला आले त्याच्या एक तृतीयांशच्या आसपास. ३४,००० मार्क्स कमी पडले, आणि त्या कर्जापायी एक चूक दुसरीकडे नेत गेली, थेट कॉन्स्टँटिनोपलच्या लुटीपर्यंत. व्हिलारदुएँ आपल्या करारातली चूक मान्य न करता जे आले नाहीत त्यांच्यावर खापर फोडतो. त्याच फौजेतला पिकार्डीचा गरीब सरदार रॉबेर द क्लारी दुसरी बाजू लिहितो: बड्यांनी आपसांत ठरवून शहरातली उत्तम घरं आधीच पटकावली, आणि गरिबांना कळलं तेव्हा उशीर झाला होता. इतकी कडवट तक्रार करणाऱ्या या माणसानं घरी काय आणलं? संतांचे अवशेष, आणि ते त्यानं कोर्बीच्या मठाला देऊन टाकले.