टायरचे वय आणि ‘दुकानदारांची जाहिरात’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

टायर जुने होत गेले की गाडी दणके का देऊ लागते आणि आतला आवाज का वाढतो, यावरच्या माझ्या लेखाखाली आपण सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल आभार. आपली एक दुरुस्ती आधीच मान्य करतो. टायरवरच्या कोडातले शेवटचे चार अंक महिना आणि वर्ष दाखवतात, असे मी लिहिले होते. ते आठवडा आणि वर्ष दाखवतात. ‘२३१८’ म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. लेखात तसा बदल केला आहे.

मात्र त्यापुढे आपण लिहिता : ‘नक्षी (टायरवरचे खाचांचे ठोकळे) शिल्लक आहे तोवर टायरला काही होत नाही, रबराचे वय हे दुकानदारांनी काढलेले खूळ असून आपला लेख ही त्यांची जाहिरात आहे.’ मतभेद मी समजू शकतो. परंतु ज्या माणसाला आपण ओळखत नाही, तो पैसे घेऊन लिहितो असे चारचौघांत म्हणण्याआधी थोडा विचार करायला हवा होता.

माझ्या वडिलांनी कराडजवळ महामार्गाच्या कडेला सव्वीस वर्षे पंक्चरचे दुकान चालवले. सुट्टीत त्यांच्या हाताखाली मी ट्यूब घासल्या आहेत, पाण्याच्या घमेल्यात बुडबुडे शोधले आहेत. आलेल्या टायरवर ते आधी अंगठ्याचे नख दाबून बघत. रबर नखाखाली दबले नाही, की नक्षी कितीही खोल असली तरी ‘हा वाळलाय, लांबच्या प्रवासाला नेऊ नका’ असे गाडीवाल्याला सांगत. त्यांच्या दुकानात नवे टायर विकायला नव्हतेच, त्यामुळे असे सांगून त्यांना एक रुपयाही मिळत नसे; उलट पंक्चरचे गिऱ्हाईक कधी कधी रागावून निघून जाई. हे ज्याने लहानपणापासून पाहिले, त्याला आपण जाहिरातदार म्हणालात, म्हणून हे उत्तर लांबत आहे.

वडील नखाने जे ओळखत, त्याचे कारण साधे आहे. टायरच्या रबरात ते मऊ राहावे म्हणून तेले आणि ओझोनपासून जपणारी द्रव्ये मिसळलेली असतात. ऊन, उष्णता आणि हवेतला प्राणवायू यांमुळे ती वर्षानुवर्षे कमी होत जातात आणि रबर कडक होते, मग गाडी चालो वा दारात उभी राहो. मऊ नक्षीचा ठोकळा रस्त्यावर आपटताना दबतो आणि धक्का बराचसा स्वतःत जिरवतो. कडक ठोकळा तोच धक्का टायरच्या आतल्या पट्ट्यांना, तिथून रिमला आणि शेवटी बसणाऱ्याच्या पाठीला पोचवतो. बाजूची भिंतही ताठ झालेली असते, म्हणून रस्त्यातला लहानसा सांधासुद्धा जाणवतो. मिशेलिनसारखी कंपनी पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी तपासून घ्यायला आणि दहा वर्षांनी नक्षी असली तरी बदलायला सांगते. हे खूळ असेल, तर ते कोपऱ्यावरच्या दुकानदाराने काढलेले नाही.

माझ्या स्वतःच्या गाडीचे टायर सात वर्षांचे झाले तेव्हा नक्षी पाच मिलिमीटर होती. कायद्याची किमान मर्यादा १.६ मिलिमीटर आहे. गाडी बहुतेक वेळ उन्हात उभी असे. पुणे–मुंबई द्रुतगती मार्गाच्या काँक्रीटवर ताशी ऐंशीच्या वेगाने जाताना मागे बसलेल्या आईचे बोलणे मला ऐकू येत नव्हते. त्याच कंपनीचे, त्याच मापाचे नवे टायर घातले, हवेचा दाब पूर्वीसारखाच ३३ पीएसआय ठेवला, आणि पुढच्याच आठवड्यात त्याच रस्त्यावर आईशी आवाज न चढवता गप्पा झाल्या. त्या वेळी सस्पेन्शनमधले, म्हणजे धक्के झेलणारे, बुश किंवा शॉकअप यांतले काहीही बदलले नव्हते, त्यामुळे ‘दोष सस्पेन्शनचा असणार’ हा आपला तर्क निदान माझ्या गाडीला लागू होत नाही.

खाचा उथळ झाल्या की त्यांत हवा दबून होणारा आवाज घटतो, असेही आपण म्हणता. ते झिजण्याविषयी आहे; माझा लेख वयाविषयी होता. त्यातही नक्षी वेडीवाकडी झिजली असेल तर तीच घूं घूं करते. टायरमध्ये नायट्रोजन भरण्यावरच्या आपल्या परिच्छेदाचा माझ्या लेखाशी काही संबंध नाही. ‘आधी गाडी चालवायला शिका’ या वाक्याला उत्तर देण्याची मला गरज वाटत नाही. बावीस वर्षे मी गाडी चालवतो आहे.

आपली गाडी जुन्या टायरांवरही ‘लोण्यासारखी’ चालते, असे आपण ठामपणे लिहिले आहे. पण त्या टायरांवरचे ते चार अंक आपल्या एवढ्या लांबलचक प्रतिक्रियेत कुठेही नाहीत. ते बघा, इथे लिहा, आणि मग आपण पुढे बोलू.