शिस्त ठीक, पण सातबारा कोण वाचणार?

‘फौजीची शिस्त आणि सचोटी हेच या धंद्यातलं भांडवल’ हे निवृत्त फौजींनी जमीन-फ्लॅटच्या दलालीत उतरण्यावरच्या लेखातलं वाक्य ऐकायला गोड आहे, पण अर्धवट आहे. मी १७ वर्षं नोकरी करून हवालदार म्हणून बाहेर पडलो आणि साताऱ्यात जमीन-फ्लॅटच्या व्यवहारात उतरलो. पहिल्याच सौद्यात तोंडावर आपटलो असतो. आमच्याच पलटणीतला एकजण ग्रॅच्युइटीचे पैसे घेऊन आला होता, जागा रस्त्याला लागून, भाव बरा. विसार (सौदा पक्का करण्याची आगाऊ रक्कम) द्यायच्या आदल्या दिवशी ओळखीच्या निवृत्त तलाठ्याने सातबाऱ्यावर बोट ठेवलं: भोगवटादार वर्ग २. म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विक्री नाही. मी तो उतारा चारदा पाहिला होता, वाचला एकदाही नव्हता! त्यानंतर सहा महिने फेरफार (जमिनीच्या हक्कातल्या बदलांच्या नोंदी), आठ-अ (खातेदाराच्या एकूण जमिनीचा उतारा), बिनशेती आदेश (शेतजमीन इतर कामाला वापरायची परवानगी) हेच शिकलो.

लेखात दुसरी गोष्ट राहूनच गेली. महारेराने (घरबांधणी प्रकल्प आणि एजंटांवर नियंत्रण ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाने) २०२३ पासून एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली आहे. एजंटाने महारेराच्या नोंदणी क्रमांकाशिवाय नोंदणीकृत प्रकल्पातले फ्लॅट विकणं बेकायदा. हे नव्याने उतरणाऱ्या जवानांना आधी सांगा. आणि पहिले आठ महिने मला एक रुपया कमिशन मिळालं नाही, घर पेन्शनवर चाललं. समाधानाचं म्हणाल तर ते आहे, खरंच आहे. सुट्टीवर आलेला पोरगा ‘दादा, कागद बघून सांगा’ म्हणतो आणि मी ‘घेऊ नकोस’ सांगतो, तेव्हा कमिशन बुडतं, पण रात्री झोप लागते.