चित्रात दाखवल्याप्रमाणे

मावशीला विचारून आणि तिला आधी वाचून दाखवूनच ही पोस्ट टाकतेय. नाव लिहू नकोस, एवढीच तिची अट.

मावशी मिरजेची. मधुमेहाने डोळ्यांचे पडदे खराब होत गेले आणि पंचेचाळिशीच्या आतच दिसायचं बंद झालं. पहिलं वर्ष तिने घरात बसून काढलं. मग एका संस्थेत जाऊन टॉकबॅक, म्हणजे फोनमधली स्क्रीन वाचून दाखवणारी सोय, शिकली. स्क्रीनवर बोट सरकवायचं, बोटाखाली येईल ते फोन बोलून दाखवतो, दोनदा टिचकी मारली की उघडतं. आता बँकेचे मेसेज, भिशीचा हिशेब, भजनं, सगळं तिचं ती बघते. (ती ‘बघते’ असंच म्हणते.) फोनचा आवाज इतका भरभर लावलेला असतो की शेजारी बसून मला निम्मं कळत नाही.

मागच्या पावसाळ्यात अंघोळ करताना तिच्या हाताला स्तनात गाठ लागली. घरात काका, मुलगा, सून. कोणालाच लगेच सांगायचं नव्हतं तिला. आधी आपण नीट वाचू, काय असू शकतं ते समजून घेऊ, मग बोलू. आपण सगळ्याजणी हेच करतो. सगळे झोपले की पांघरुणात फोन घेऊन बसतो. तीही बसली, कानात इअरफोन घालून.

एका मोठ्या रुग्णालयाच्या साइटवर स्तनांची तपासणी स्वतः कशी करावी याचं मराठी पान सापडलं. पहिलं वाक्य फोनने छान वाचलं, ‘खालील चित्रात दाखवल्याप्रमाणे तपासणी करा.’ पुढे बोट सरकवलं. ‘इमेज.’ आणखी पुढे. ‘इमेज.’ असं सहा वेळा. मग ‘अनलेबल्ड, बटण’. ते दाबलं तर पान पुन्हा वर गेलं. डॉक्टरांकडे कधी जायचं याचा तक्ताही चित्रच. अपॉइंटमेंटचा फॉर्म कसाबसा भरत आणला, तर शेवटी वेडीवाकडी अक्षरं ओळखून टाइप करा म्हणे.

तीन आठवडे ती कोणालाच काही बोलली नाही. मग मला फोन आला. “अगं, एक जरा वाचून दाखवशील का? पण तुझ्या आईला बोलू नकोस हं.”

गाठ साधी निघाली. पण ते तीन आठवडे ती स्वयंपाक करत होती, भिशीला जात होती आणि रोज रात्री त्याच गाठीवर हात ठेवून झोपत होती, हे मला अजून पचलेलं नाही.

तेव्हापासून मला एकच सांगायचंय. आजाराची माहिती माणसाला एकट्याने वाचायची असते. मूळव्याध असो, पाळीचं काही असो, एचआयव्हीची तपासणी असो, जगावंसं न वाटणं असो. ‘घरातलं कोणीतरी वाचून दाखवेल की’ असं म्हणणाऱ्यांना हे कळत नाही की ज्याच्यापासून लपवायचं असतं तो बहुतेक वेळा घरातलाच असतो. कर्णबधिर मुलगी डॉक्टरांकडे जाते तेव्हा खाणाखुणांचा अर्थ लावायला शेजारी आई बसलेली असते. त्या मुलीने काय विचारायचं?

आणि या गाठीच्या बाबतीत तर जीव जास्तच तुटतो. जर्मनीत फ्रँक हॉफमन नावाच्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी अंध स्त्रियांना स्तनांची तपासणी करायला शिकवण्याचं काम सुरू केलं. नऊ महिन्यांचं प्रशिक्षण असतं. स्पर्शाची सवय असलेल्या बोटांना अगदी बारीक गाठीही लागतात. आपल्याकडे दिल्लीतही अंध मुली हे शिकल्या आहेत, रुग्णांना तपासतात. म्हणजे ज्यांच्या बोटांवर डॉक्टर विसंबतात, त्यांनाच हे पान वाचता येत नाही. ही तपासणीच मुळात हाताची, आणि आपण ती सांगतो फक्त डोळ्यांना.

मी स्वतः आरोग्यावरचं मराठी लिहिते, म्हणून हे दुसऱ्यावर ढकलून मोकळी होणार नाही. एका रविवारी माझीच पानं मावशीच्या फोनवर उघडली. लो शुगरच्या पानावर मी ‘साखर’ लिहून पुढे ‘पेक्षा कमी’चं चिन्ह टाकलं होतं आणि मग ७०. ते चिन्ह तिच्या फोनने गिळलंच. ऐकू आलं, ‘साखर सत्तर’. उपाशीपोटीची साखर ७०-१०० लिहिली होती, ती झाली ‘सत्तर शंभर’. मावशी म्हणाली, “सत्तर ते शंभर असं अक्षरात लिहिलंस तर बिघडेल काय?” गोळ्यांच्या तक्त्यात सकाळ, दुपार, रात्र हे मथळे नीट बांधलेले नव्हते, त्यामुळे नुसतं ‘एक, शून्य, एक’ ऐकू आलं. धोक्याचे आकडे मी लाल रंगात दिले होते. लाल रंग तिला कुठून कळणार? आणि खाली बारा वेळा ‘अधिक वाचा, लिंक’. कशाबद्दल अधिक, ते एकातही नाही.

युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली एक पत्रिकाही साइटवर होती. डोळ्यांना स्वच्छ मराठी दिसतं, पण आत असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. फोनने ती वाचायला घेतली तेव्हा मावशीने इअरफोनच काढून ठेवला.

चित्रं काढून टाका असं मात्र मी मुळीच म्हणत नाही. बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलाला चित्र आणि लहान वाक्यं यांचाच आधार असतो. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या कित्येकांची पहिली भाषा खुणांची असते, छापील मराठी त्यांना दुसऱ्या भाषेसारखी. त्यांच्यासाठी व्हिडिओखाली अक्षरं हवीत आणि जमेल तिथे सांकेतिक भाषाही. पार्किन्सनच्या आजारात हात थरथरतो, अशा माणसाला नखाएवढी बटणं कशी दाबता येतील? २०१६ च्या दिव्यांग कायद्यात एकवीस प्रकारची अपंगत्वं आहेत. त्यात पार्किन्सन आहे, थॅलसीमिया, हिमोफिलिया, सिकलसेल हे रक्ताचे आजारही आहेत. हीच माणसं आरोग्याची साइट सगळ्यात जास्त उघडणार.

“असे किती लोक येतात हो आमच्या साइटवर?” हे मला तोंडावर विचारलं गेलंय. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग नोंदले गेले, तेही यादीत इतके प्रकार नसताना. तुमच्याकडे ते दिसत नाहीत, कारण दुसऱ्या ‘इमेज’ला साइट बंद करून निघून जातात.

कोविडच्या लशीच्या वेळी देशाने हे पाहिलंय. ३१ मे २०२१ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने लशीची नोंदणी करायच्या कोविन साइटवरच्या अडचणी लिहून दाखवल्या. कॅप्चाला (त्याच वेडीवाकड्या अक्षरांना) आवाजाचा पर्याय नाही, कुठला स्लॉट मोकळा ते अंध माणसाला समजत नाही, आपोआप लॉगआउट होण्याआधी पुरेसा वेळ मिळत नाही. पुढे ३० एप्रिल २०२५ ला याच न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचं सांगितलं. तरीही साइट बनवून घेताना ही गोष्ट ‘नंतर बघू’च्या यादीत जाते.

नाहीतर कोपऱ्यात व्हीलचेअरचं चित्र असलेलं एक बटण बसवतात. अक्षरं मोठी करा, रंग बदला. मावशीला त्याचा काडीचा उपयोग नाही. तिच्या फोनमध्ये तिची सोय आहेच, तिला हवेत चित्रात काय आहे ते सांगणारे, चित्रामागे लिहिलेले शब्द. ते कुठलंही बटण लिहून देत नाही, माणसाने बसून लिहावे लागतात. त्याआधी स्वतः ऐकून तरी बघा. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे कॉम्प्युटरवरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम, फुकट मिळतो. ऑस्ट्रेलियातल्या एका अंध तरुणाने तो २००६ मध्ये सुरू केला, मग दुसरा अंध तरुण त्याला येऊन मिळाला. तो लावा, स्क्रीन बंद करा, माऊस बाजूला ठेवा आणि नुसत्या कीबोर्डवर आपल्याच साइटवरून अपॉइंटमेंट घेऊन दाखवा.

स्तनतपासणीचं पान मी मावशीबरोबर बसून नव्याने लिहिलं. ‘मधल्या तीन बोटांच्या पेरांनी लहान लहान गोल फिरवत जा, आधी हलकं दाबा, मग जरा जोर द्या, काखेपर्यंत या.’ ती ऐकत होती आणि हात आपोआप फिरत होता. एका ठिकाणी थांबवलं तिने, “आडवं झोपून की उभं राहून, ते आधी सांग.”

आता मधुमेहात पायांची काळजी कशी घ्यावी, ते पान घेतलंय. पहिलंच वाक्य होतं, ‘तळव्याला जखम नाही ना, हे रोज आरशात पाहा.’ मधुमेहाने नजर गेलेल्या बाईला हे सांगणारी मीच. मावशी आठवड्यातून दोनदा सुनेकडून तळवे बघून घेते. बाकीचे दिवस पायमोजा ओला लागतोय का ते चाचपते, हाताची पालथी बाजू पायाला लावून कुठे गरम लागतंय का बघते, चपला-बूट घालण्याआधी आतून हात फिरवते. हे कुठल्याच पानावर लिहिलेलं नव्हतं. पुढच्या रविवारी मिरजेला जातेय. ती सांगेल, मी लिहून घेईन.