धडधडतंय म्हणजे बीपी लो, हे खरं नाही

गेल्या काही दिवसांत एकच मजकूर मला पाच वेगवेगळ्या ग्रुपवर आला. त्याचा सारांश असा : आजकालच्या तरुणांचं बीपी टेन्शनमुळे लो होतं. लो बीपी हे हाय बीपीपेक्षाही धोकादायक. चक्कर, गार हात, धडधड ही त्याची लक्षणं. अशा वेळी मिठाचं पाणी आणि कडक कॉफी द्या, डॉक्टरची गरज नाही, फक्त टेन्शन सोडा.

मी चौतीस वर्षं वॉर्डात नर्स होते. आता सदाशिव पेठेत राहते. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर अभ्यासिका आहे. बीड, लातूर, नांदेडहून स्पर्धा परीक्षेसाठी आलेली मुलं तिथे दिवसाचे बारा-बारा तास बसतात आणि मधूनच माझं दार वाजतं : ‘‘काकू, बीपी लो झाल्यासारखं वाटतंय, बघता का?’’ हीच मुलं हा मजकूर खरा मानून चालतात, म्हणून त्यातला एकेक मुद्दा घेते.

पहिला, टेन्शनने बीपी लो होतं. मागच्या आठवड्यात पूर्वपरीक्षेच्या तोंडावर एका मुलीला तिच्या मैत्रिणी धरून वर घेऊन आल्या. हात बर्फासारखे, बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या, छातीत धडधड. खालीच तिला दोन ग्लास मिठाचं पाणी पाजलं होतं. मी पट्टा बांधला : १३८/८६, नाडी ११८. म्हणजे बीपी लो नव्हतंच, उलट चढलेलं होतं. जीव घाबरा झाला की शरीरात ॲड्रेनलिन सुटतं. त्याने नाडी आणि दाब वाढतो, कातडीखालच्या रक्तवाहिन्या आवळतात म्हणून हात गार पडतात. भीतीने श्वास भराभर चालला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि गरगरतं. मुंग्याही त्यानेच येतात. तिला मिठाची नाही, सावकाश आणि लांब श्वास सोडण्याची गरज होती. वीस मिनिटं शेजारी बसून तेच केलं, नाडी ८८ वर आली.

मात्र भीतीने बीपी खरंच कोसळतं असाही एक प्रकार आहे, तो मजकुरात कुठेच नाही. रक्त किंवा सुई पाहून, कधी उन्हात फार वेळ उभं राहून काही जणांची व्हेगस नर्व्ह (हृदयाचा वेग कमी करणारी नस) एकदम जोर करते. नाडी मंदावते, रक्तवाहिन्या सैलावतात, माणूस पांढराफटक पडून खाली येतो. रक्त-सुईची भीती असलेल्यांना ‘अंग सैल सोड’ सांगणं चुकीचं. स्वीडनमधल्या मानसशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात त्यांच्यासाठी उलट उपाय बसवला : हात, पाय, पोट यांचे स्नायू दहा-पंधरा सेकंद घट्ट आवळायचे, सोडायचे, पुन्हा आवळायचे. त्याने दाब टिकतो.

दुसरा, लो बीपी हायपेक्षा धोकादायक. ९०/६० च्या खाली लो म्हणतात, पण नुसत्या आकड्याला आजार म्हणत नाहीत. कितीतरी सडपातळ मुलींचं बीपी कायमच या आकड्याच्या आसपास असतं आणि त्यांना काहीही होत नाही. जर्मनीत अशा नुसत्या कमी बीपीवर वर्षानुवर्षं औषधं दिली जात, तेव्हा ब्रिटिश डॉक्टर त्याला ‘जर्मन आजार’ म्हणत. रक्तस्राव, जंतुसंसर्ग किंवा तीव्र ॲलर्जीत दाब झपाट्याने उतरतो, तो धोका खरा. हाय बीपी मात्र कसलंही लक्षण न दाखवता हृदय, मूत्रपिंड आणि मेंदू पोखरत राहतं. अभ्यासिकेतला एक मुलगा ९६/६२ दिसलं म्हणून सहा महिने रोज सकाळी घाबरत मशीन लावत होता. त्याला आजार नव्हता, पण त्या आकड्याने त्याची झोप नेली.

तिसरा, चक्कर म्हणजे टेन्शनच. मला सगळ्यात जास्त राग या मुद्द्याचा येतो, कारण यात मुलींचं नुकसान होतं. पाच मिनिटं आडवं पडून बीपी आणि नाडी मोजा, मग उभं राहून एका आणि तीन मिनिटांनी मोजा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० उतरला, तर उठल्यावर दाब पडतोय. दाब तसाच राहून दहा मिनिटांत नाडी ३० ने किंवा त्याहून जास्त वाढत असेल (विशीच्या आतल्यांत ४०) आणि हे महिनोन् महिने चाललं असेल, तर पॉट्स (उभं राहिलं की नाडी फार वाढणं) नावाचा विकार असू शकतो. अशा कितीतरी जणींना ‘तू फार विचार करतेस’ म्हणून परत पाठवलेलं मी वॉर्डात पाहिलं आहे.

आणि रक्त कमी असणं! राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना ॲनिमिया आहे. त्यात बीपी नीट असूनही धडधड, धाप आणि अंधारी येते. सकाळी चहा-बिस्किट, दुपारी मेस चुकवलेली, जेवल्याबरोबर परत चहा, पाळीत अंगावरून जास्त जाणं, रक्त कमी करणारं हे सगळं मी रोज ऐकते. हिमोग्लोबिन तपासल्याशिवाय टेन्शनचं नाव घेऊ नका. मुलाखतीआधी धडधड थांबावी म्हणून मित्राची प्रोप्रॅनोलॉल घेणारेही भेटतात. त्या गोळीने बीपी उतरतं.

चौथा, मीठ आणि कॉफी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. विसर्जन मिरवणुकीत लक्ष्मी रोडवर कुणी कोसळलं की लोक त्याला धरून बसवतात. तेही चूक. आडवं झोपवा, पाय उंच करा, शुद्ध लगेच आली नाही तर १०८ ला फोन करा. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. काही रुग्णांना डॉक्टर जास्त मीठ देतात, पण तपासून. घाबरलेल्या माणसाला कॉफी दिली तर धडधड आणखी वाढते.

‘फक्त टेन्शन सोडा’ याला काय उत्तर द्यायचं? ज्याच्या वडिलांनी शेत गहाण ठेवून पुण्याला पाठवलं आहे, तो सोडणार कसं? बोलायला कुणी हवं असेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे. तिथे रात्रंदिवस, मोफत आणि मराठीतही बोलता येतं.

आणि पळताना किंवा सिंहगड चढताना शुद्ध हरपली, घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, छातीत दुखत असेल, शौच काळी होत असेल किंवा दिवस गेलेले असताना चक्कर आली, तर माझं दार वाजवण्यात वेळ घालवू नका. रिक्षा करा आणि थेट हॉस्पिटल गाठा.