अमिओडॅरोन बंद करून काढा? त्या फॉरवर्डला उत्तर

"अमिओडॅरोन म्हणजे आयोडीनचं विष, आजच बंद करा, अर्जुनसालीचा काढा घ्या" असा लांबलचक मेसेज सध्या फिरतोय. मावशीने तो मला पाठवला आणि खाली विचारलं, "काकांची गोळी थांबवू का?" नाही, मुळीच नाही. काकांना व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया आहे. हृदयाच्या खालच्या कप्प्यांतून अचानक सुटणारी ही वेगवान लय रक्तदाब पाडते, माणूस कोसळतो. ती पुन्हा पुन्हा येते म्हणूनच तिला आवरणारी ही गोळी चालू आहे.

मेसेजचा मुख्य पुरावा काय, तर "एका गृहस्थांनी" गोळी सोडून २१ दिवस काढा घेतला आणि ते ठणठणीत आहेत. असणारच! अमिओडॅरोन चरबीत, यकृतात, फुप्फुसांत साठून राहतं. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे अंगातलं औषध निम्म्यावर यायला लागणारा काळ, सरासरी ५८ दिवस. कुणाचं १५, तर कुणाचं १४२. सरासरी धरली तर २१ दिवसांनी त्या गृहस्थांच्या अंगात पाऊण भाग औषध शिल्लक होतं. काम करत होत्या जुन्या गोळ्या, शाबासकी मिळाली काढ्याला. पातळी खरी उतरते ती पुढच्या काही महिन्यांत. तेव्हा माणूस कोसळला तर बंद केलेली गोळी कुणाला आठवतही नाही. आणि पुन्हा सुरू करू म्हटलं तर ती लगेच लागू पडत नाही. अंगातला साठा भरायला आधी रोज ८०० ते १६०० मिलिग्रॅम असा मोठा डोस एक ते तीन आठवडे द्यावा लागतो, तोही सहसा रुग्णालयात, ईसीजीवर नजर ठेवून.

"डॉक्टर स्वतःच शनिवार-रविवार गोळी देत नाहीत, म्हणजे बघा" याचंही उत्तर तेच. औषध इतकं रेंगाळतं की आठवड्यातून पाच दिवस दिलं तरी पातळी टिकते आणि एकूण मात्रा कमी राहते. सुट्टी कधी द्यायची हे डॉक्टर ठरवतात.

आता काढा. अर्जुनसाल, दालचिनी आणि "चवीला" ज्येष्ठमध. हा जिन्नस कुणी सुचवला देव जाणे. रोज भरपूर ज्येष्ठमध पोटात गेलं की पोटॅशियम घटतं. त्यात फ्युरोसेमाइडसारखी लघवीची गोळी चालू असेल तर आणखी घटतं. अमिओडॅरोन ईसीजीवरचा क्यूटी, म्हणजे ठोका सुरू झाल्यापासून हृदय पुन्हा सज्ज होईपर्यंतचा वेळ, आधीच लांबवतं. पोटॅशियम कमी असताना लांबलेला क्यूटी म्हणजे नव्या जीवघेण्या लयीला आमंत्रण. म्हणजे गोळी न सोडता नुसता काढा जोडला तरी धोका आहेच.

आयोडीनचं म्हणाल तर थोडं खरं आहे, कबूल. २०० मिलिग्रॅमच्या गोळीत सुमारे ७५ मिलिग्रॅम आयोडीन असतं, त्यातलं साधारण ६ मिलिग्रॅम मोकळं होतं. थायरॉइड मंदावू शकतं किंवा भडकूही शकतं. फुप्फुसं आणि यकृत यांनाही इजा होऊ शकते. म्हणून दर सहा महिन्यांनी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) आणि यकृताची तपासणी, वर्षातून एकदा छातीचा एक्स-रे. नवा कोरडा खोकला किंवा दम लागला तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, लगेच दाखवा. पण "आयोडीनचं मीठ सोडा" हा सल्ला हास्यास्पद आहे. १५ पीपीएमच्या (किलोला १५ मिलिग्रॅम आयोडीन) मिठातून ६ मिलिग्रॅम आयोडीन मिळवायला दिवसाला ४०० ग्रॅम मीठ खावं लागेल.

"आयसीडी बसवलं की गोळी म्हणजे लूट." आयसीडी म्हणजे शरीरात बसवलेलं यंत्र; ते अशी लय सुरू झाल्यावर झटका देतं, सुरू होणं थांबवत नाही. २००६ साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या ऑप्टिक अभ्यासात आयसीडीचे ४१२ रुग्ण होते. वर्षभरात झटका बसला तो नुसत्या बीटा ब्लॉकरवर (ठोके मंदावणारं औषध) ३८.५ टक्क्यांना, सोबत अमिओडॅरोन घेणाऱ्यांत १०.३ टक्क्यांना. शुद्धीत असताना झटका खाल्लेल्या कुणालाही विचारा, हा फरक केवढा ते. एक मात्र आहे, अमिओडॅरोनने टॅकिकार्डियाचा वेग कमी होतो. यंत्र मिनिटाला १८० ठोक्यांवर लावलेलं असेल आणि लय १५० ची आली तर यंत्र गप्प बसेल. गोळी सुरू करताना किंवा डोस बदलताना यंत्राचं सेटिंग तपासून घ्या.

मेसेजमध्ये नसलेलं, पण हवं होतं ते: रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन चालू असेल तर अमिओडॅरोनसोबत त्याचा डोस बहुधा एक तृतीयांशाने ते निम्म्याने कमी करावा लागतो, आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी) वरचेवर बघून. हृदयाचं दुसरं औषध डिगॉक्सिन चालू असेल तर त्याचा डोसही साधारण निम्मा. आणि सर्दी-खोकल्याला केमिस्टकडून चिठ्ठीशिवाय अझिथ्रोमायसिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन ही अँटिबायोटिकं आणू नका. दोन्ही क्यूटी लांबवतात.